पिवळं पडलं तरी चालेल

लंडनला वर्षाकाठी साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि राहुरीला ५२० च्या आसपास. हे दोन आकडे पाहिले की वाटतं, तिकडच्या बागांमधली हिरवळ आपल्याकडेही सहज जमायला हवी. पण फरक बेरजेत नाही, वाटपात आहे. लंडनचा पाऊस बारा महिन्यांवर पसरलेला असतो, शंभराहून जास्त दिवस थोडा थोडा येतो, आणि वर ढगांचं आच्छादन असतं. राहुरीचा पाऊस १५ ते ४५ दिवसांत उरकतो. उरलेलं वर्षभर ऊन आणि वारा. मे महिन्यात अहिल्यानगर-सोलापूरच्या पट्ट्यात जमिनीतून आणि पानांतून मिळून दिवसाला सात-आठ मिलिमीटर पाणी हवेत जाऊ शकतं. लंडनच्या ऐन जूनमध्ये हा आकडा साडेतीनच्या आसपास असतो.

घरासमोरची कापलेली, सपाट, बाराही महिने हिरवी हिरवळ ही त्या ढगाळ हवेतली हौस आहे. ती आपल्याकडे साहेबाच्या बंगल्यातून आली, मग क्लबात गेली, सोसायट्यांच्या माहितीपत्रकांवर चढली. आता तर तालुक्याच्या गावाबाहेरही 'मंगल कार्यालय व लॉन्स' अशी पाटी दिसते. लग्नसराईचा जोर एप्रिल-मेमध्ये, म्हणजे विहिरी तळाला गेलेल्या असताना. गवतावर पाणी मारून ते हिरवं ठेवायचं आणि त्यावर सतरंज्या अंथरून ते झाकायचं, असा हा व्यवहार.

लॉन लावूच नये असं मला म्हणायचं नाही. उन्हात तापलेल्या फरशीपेक्षा गवत कधीही बरं. मुलं पडली तर गुडघे फुटत नाहीत, धूळ बसते, घरासमोरची झळ कमी होते. पण कोरड्या मुलखात लॉनला किती पाणी लागणार हे नळाशी ठरत नाही. ते त्याच्या बरंच आधी ठरलेलं असतं: गवत कोणतं निवडलं, खाली माती किती खोल आहे आणि उन्हाळ्यात ते पिवळं पडलेलं आपल्याला बघवतं का, यावर.

आधी हिशेब मांडू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फूट म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. हवा आठ मिलिमीटर पाणी मागत असेल, तर उष्ण प्रदेशातलं गवत त्यातलं साधारण साठ टक्के, म्हणजे पाच मिलिमीटरच्या आत-बाहेर पाणी वापरतं. हजार फुटांच्या लॉनला मेमध्ये रोजचे साडेचारशे लिटर झाले. शहरी पाणीपुरवठ्याचा माणशी मापदंड १३५ लिटरचा आहे. तीन माणसांना जेवढं पाणी मिळावं त्याहून हे जास्त. आणि हे झालं मोजून दिलेलं पाणी. मिनिटाला १५ लिटर देणारा पाइप अर्ध्या तासात एवढं काम करतो. प्रत्यक्षात माळीकाका पाइप सोडून गुलाबांकडे वळतात आणि तास-दीड तासाने परततात.

आता गवताकडे येऊ. इथे एक गंमत आहे. आपल्या शेतकऱ्याने ज्याला पिढ्यानपिढ्या शिव्या घातल्या, ते गवत या कामासाठी जगातल्या सर्वोत्तम गवतांमध्ये मोडतं. ते म्हणजे हरळी. नांगरट झाली की बायामाणसं वाकून ज्याच्या काशा वेचत, बांधावर टाकून उन्हात वाळवत, आणि एवढं करूनही पावसाळ्यात जे पुन्हा डोकं वर काढी, तेच. गणपतीला वाहतो त्या दूर्वाही याच्याच. नर्सरीवाला त्याला 'बर्म्युडा' म्हणतो आणि बरे पैसे घेतो.

हरळी कमी पाण्यात का तगते? एक कारण तिच्या पानात आहे. पानावरच्या सूक्ष्म रंध्रांतून झाड कार्बन डायऑक्साइड आत घेतं. पण दार उघडलं की आतलं पाणीही वाफ होऊन बाहेर पडतं. इंग्लंडमधल्या थंड हवेच्या गवतांची अडचण अशी, की ऊन चढलं की त्यांच्या पानातलं मुख्य विकर कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजन पकडू लागतं आणि केलेलं काम वाया जातं. तेवढ्याच वाढीसाठी त्यांना रंध्रं जास्त वेळ उघडी ठेवावी लागतात. हरळीने यावर तोड काढली आहे. ती कार्बन डायऑक्साइड आधी एका वेगळ्या रसायनात बांधते आणि पानाच्या आतल्या पेशींमध्ये नेऊन तिथे तो दाट करते. दार थोडंसंच उघडून तिचं भागतं. शास्त्रज्ञ अशा वनस्पतींना सी-४ गटातल्या म्हणतात. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस याच गटातले. उसाचं नाव वाचून कुणी भुवया उंचावेल. पण ऊस पाण्याची उधळपट्टी करतो तो पानाच्या दोषामुळे नव्हे. वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहतो आणि त्याला पाटाने पाणी सोडलं जातं, म्हणून.

दुसरं कारण जमिनीखाली आहे. हरळीचे धावते फुटवे जमिनीवरून पळतात, पेराशी मुळं धरतात आणि शिवाय काशा मातीखालून सरकत राहतात. काशांमध्ये अन्नाचा साठा असतो. वरची पानं पूर्ण वाळली तरी खाली जीव टिकतो. माती खोल आणि मोकळी असेल तर मुळं मीटरभर आणि त्याहूनही खोल जातात. चिवट माणसाला आपण हरळीची मुळी म्हणतो ते उगीच नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडे, जॉर्जियातल्या कापूस शेतकऱ्यांचंही या गवताशी असंच वैर होतं. तिथल्या टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन हा शास्त्रज्ञ १९३६ साली आला आणि त्याने हरळीवरच आयुष्य घातलं. आधी चाऱ्यासाठी, मग मैदानांसाठी त्याने तिचे संकर केले. हरळी आणि तिची आफ्रिकेतली एक बारीक पानांची बहीण यांच्यापासून झालेला 'टिफवे' १९६० चा. जगभरच्या मैदानांवर आणि गोल्फ कोर्सवर तो पसरला. हे संकर वांझ असतात, त्यांना बी धरत नाही. म्हणून ते काड्या लावूनच वाढवावे लागतात आणि त्यांचं बी विकणारा माणूस तुम्हाला फसवत असतो. याच बर्टनचा आपल्या कोरडवाहू शेतीशीही थेट संबंध आहे. त्याने तयार केलेली बाजरीची 'टिफ्ट २३ ए' ही नरवंध्य वाण-ओळ भारतात आली आणि तिच्यापासून लुधियानात देशातली पहिली संकरित बाजरी, 'एचबी-१', १९६५ साली तयार झाली.

हरळीला एकच गोष्ट सोसत नाही, ती म्हणजे सावली. दिवसाला पाच-सहा तास तरी थेट ऊन हवं. पिंपळाखाली, इमारतीच्या उत्तर बाजूला ती विरळ होत जाते. मग माळी पाणी वाढवतो, शेवाळ धरतं, आणि दोष गवताला मिळतो. अशा जागी लॉनचा हट्ट सोडावा. झाडाचा पालापाचोळा तिथेच राहू द्यावा; झाडालाही तेच हवं असतं. नर्सरीत 'मेक्सिकन', 'कोरियन' अशा नावांनी मिळणाऱ्या मऊ, दाट गवतांच्या गाद्या दिसायला देखण्या असतात. पण नर्सरीतलं नाव हे जातीचं प्रमाणपत्र नव्हे. विकत घेण्याआधी असंच गवत दोन उन्हाळे काढलेल्या एखाद्या बागेत जाऊन पाहावं. हरळीच्या निवडक, बारीक पानांच्या जातीही मिळतात, त्या मागाव्यात.

आता माती. माझ्या मते नव्वद टक्के लॉन इथेच मरतात, आणि बिचारी मरायला दोन-तीन वर्षं घेतात. नव्या सोसायटीत काय घडतं बघा. बांधकाम संपतं, राडारोडा तिथेच दाबला जातो, त्यावर रोलर फिरतो. मग ट्रकने लाल माती येते, चार-सहा इंच पसरली जाते आणि वर लॉनच्या गाद्या अंथरल्या जातात. उद्घाटनाच्या दिवशी सगळं हिरवंगार. सहा महिन्यांनी एका कडेला कुदळ मारून पाहा: मुळं चार इंच खाली येतात आणि विटांच्या तुकड्यांवर आडवी पसरलेली दिसतात. पुढे जायला वाटच नाही.

ह्याचा पाण्याशी संबंध असा. बऱ्या मातीत मीटरभर खोलीला साधारण १५० मिलिमीटर पाणी झाडाला वापरण्याजोगं राहतं. १५ सेंटिमीटर थरात ते झालं २२ मिलिमीटर. त्यातलं निम्मं संपलं की गवताला ताण बसू लागतो. रोजचे पाच मिलिमीटर खर्च धरले तर दोन दिवसांत पुन्हा पाणी. थर ४५ सेंटिमीटरचा असेल तर तेच गवत सहा-सात दिवस निघतं. गवताचा खर्च तोच, पण रोज वरची माती ओली ठेवली की उन्हाने उडून जाणारं पाणी वाढतं, आणि अवकाळी पाऊस आला तर तो साठवायला खाली जागाच नसते. वर पाणी रोज मिळतंय म्हटल्यावर मुळंही खाली उतरायचे कष्ट घेत नाहीत.

म्हणून खर्च करायचाच असेल तर तो स्प्रिंकलरच्या परदेशी नोझलवर नको, खणण्यावर करा. फूट-दीड फूट खणा, राडारोडा काढा, तिथलीच माती वापरा आणि पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. डोंगर पोखरून आणलेल्या लाल मातीचं खूळ मला कधीच समजलेलं नाही. त्या मातीबरोबर आणि अर्धवट कुजलेल्या शेणखताबरोबर लव्हाळ्याच्या गाठी फुकट येतात, आणि लव्हाळा एकदा शिरला की लॉनचा मालक बदलतो. यावर जुना उपाय चांगला आहे: तयार केलेल्या जमिनीला लागवडीआधी एकदा पाणी द्यावं, तण उगवू द्यावं, गाठीसकट उपटावं आणि हे दोनदा करावं. घाई असलेल्यांना हे सांगून उपयोग नसतो.

काळ्या मातीचं वागणं वेगळं. पाणी धरून ठेवते भरपूर, पण आत घेते अगदी सावकाश. भिजलेल्या चिकण मातीत तासाला एक ते पाच मिलिमीटरच मुरतं. फवाऱ्याचे साधे नोझल मात्र तासाला चाळीस मिलिमीटरपर्यंत पाणी फेकतात. उरलेलं पार्किंगमधून गटारात जातं. त्यावर साधा उपाय: दहा मिनिटं पाणी, तासभर विश्रांती, पुन्हा दहा मिनिटं. काळी माती पूर्ण वाळली की तिला भेगा पडतात आणि मग दिलेलं पाणी मुळांना चुकवून थेट खाली उतरतं. पावसाळ्याच्या तोंडाशी त्या भेगांत बारीक कंपोस्ट झाडूने लोटून भरावं.

पाणी केव्हा द्यायचं, हे घड्याळ सांगत नाही, गवत सांगतं. संध्याकाळी लॉनवरून चालत जा आणि मागे वळून पाहा. पाती लगेच ताठ उभी राहिली तर पाण्याची गरज नाही. पावलांचे ठसे तसेच राहिले, हिरव्या रंगावर निळसर-राखाडी छटा आली, पाती मधोमध दुमडून बारीक झाली, म्हणजे तहान लागली. मग दुसऱ्या दिवशी पहाटे पाणी द्यावं. वारा पडलेला असतो आणि ऊन यायच्या आत पाणी मुरतं. रात्री दिलं तर पानं तासन्‌तास ओली राहतात आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

किती दिलं, हेही बघता येतं. श्रीखंडाचे चार-पाच सारखे, सरळ भिंतींचे रिकामे डबे लॉनवर वेगवेगळ्या जागी ठेवा, फवारा पंधरा मिनिटं चालवा आणि डब्यातल्या पाण्याची उंची पट्टीने मोजा. बहुतेक वेळा एका डब्यात दुसऱ्याच्या दुप्पट पाणी भरतं. कोरड्या कोपऱ्यासाठी आख्खं लॉन दुप्पट वेळ भिजवलं जात होतं, हा उलगडा तिथेच होतो. दुसऱ्या दिवशी लांब स्क्रू-ड्रायव्हर मातीत दाबून पाहा. वीतभर सहज गेला तर पाणी खाली पोचलं. तीन बोटांवर अडला तर एकतर पाणी कमी पडलं, नाहीतर माती दबली आहे. दबलेल्या मातीला पाणी नव्हे, टोचे हवेत; काट्याने भोकं पाडा आणि त्यात कंपोस्ट सारा.

कापणीबद्दल थोडक्यात. एका वेळी पातीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नये. उन्हाळ्यात गवत दोन इंचांपर्यंत वाढू द्यावं. उंच पात जमिनीवर सावली धरते आणि मुळंही खोल जातात. टक्कल केलेलं लॉन नीटनेटकं दिसतं, पण तापतं. यंत्राचं पातं धारदार असावं, नाहीतर टोकं फाटून पांढरी पडतात. कापलेलं बारीक गवत तिथेच पडू द्यावं, नत्राचा बराच भाग परत मिळतो. युरियाची मूठ उन्हाळ्यात आवरावी: नत्र म्हणजे वाढ, वाढ म्हणजे पाणी.

आता मुद्द्याचं. मार्चपासून पावसापर्यंत पाणी तोडलं तर हरळी पिवळी पडते, मग भुरकी होते. बहुतेकांना ते मरण वाटतं. ते मरण नाही, झोप आहे. दख्खनच्या माळरानाकडे पाहा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या परिसरातली कुसळी, मारवेल, पवन्या ही गवतं पावसाळ्यात हिरवी, दिवाळीनंतर सोनेरी आणि उन्हाळ्यात वाळकी असतात. त्याच पिवळ्या गवतावर काळवीट जगतं, माळढोकही जगत होता. त्या माळाला कुणी टँकर घातला नाही. हरळीला झोपेत जिवंत ठेवायला तीन-चार आठवड्यांतून एकदा १२ मिलिमीटर पाणी पुरतं. आपल्या हजार फुटांना ते अकराशे लिटर होतं. तेच लॉन हिरवं ठेवायचं तर तीन आठवड्यांत जवळजवळ दहा हजारांचा आख्खा टँकर लागेल. एवढ्या फरकात फक्त रंग विकत मिळतो. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की तोच रंग फुकट येतो. तोवर त्या गवतावर क्रिकेट खेळू नये, गाड्या लावू नयेत, एवढंच पथ्य.

वर्षभर हिरवं लॉन हवंच असेल तर ते लहान ठेवावं. याचा धडा लास व्हेगासकडून घ्यावा. जुगाराचं शहर, भोवती वाळवंट, वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस, आणि नव्वद टक्के पाणी कोलोराडो नदीचं. तिथल्या जल प्राधिकरणाने १९९९ पासून लोकांना लॉन उपटायला पैसे दिले. गवताच्या जागी कमी पाण्याची झाडं लावल्यावर वर्षाला चौरस फुटामागे सुमारे ५५ गॅलन, म्हणजे २०० लिटरहून अधिक पाणी वाचतं, असं त्यांच्या मोजणीत दिसलं. २०२१ मध्ये नेवाडा राज्याने कायदाच केला: २०२६ संपलं की त्या भागातल्या बिनकामाच्या गवताला नदीचं पाणी मिळणार नाही. घरांची अंगणं यातून वगळली आहेत. खेळाची मैदानं, मुलांच्या बागा कामाच्या गवतात मोडतात. बिनकामाचं ते दुभाजकावरचं, कचेऱ्यांसमोरचं, जिथे कापणाऱ्याखेरीज कुणाचा पाय पडत नाही ते. ही कसोटी आपल्याकडे लावली तर मोठी पंचाईत होईल. आपल्या सार्वजनिक बागांत 'हिरवळीवर चालू नये' अशी पाटी आपण स्वतःच लावून ठेवतो.

आपल्याकडे हा प्रश्न एकदा थेट न्यायालयात गेला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेलं जात होतं. पहिल्या फेरीत पाच लाख लिटर. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला सांगितलं. मैदानांना लागणाऱ्या पाण्याचा, सुमारे ६० लाख लिटरचा, मुद्दा याचिकेत होता. सामने हलवून लातूरची तहान भागणार नव्हती, हे खरंच. पण गवताचं पाणी कुणीतरी मोजलं, ही गोष्ट महत्त्वाची होती.

प्लास्टिकच्या लॉनबद्दल विचारणारे बरेच असतात. सोलापूरच्या मेमध्ये दुपारी त्यावर अनवाणी उभं राहून दाखवा, मग बोलू. सांडपाण्याचा पर्याय मात्र खरा आहे. सोसायटीच्या प्रक्रिया केंद्राचं पाणी हरळीला चालतं. खारटपणा ती इतर गवतांपेक्षा बरा सोसते. फक्त साबण-डिटर्जंटमधलं आणि आरओच्या टाकाऊ पाण्यातलं सोडियम काळ्या मातीत साचत गेलं तर माती घट्ट होते, पाणी मुरेनासं होतं. म्हणून ते एकाच कोपऱ्यात रोज ओतू नये, आणि पावसाळ्यात माती चांगली धुऊन निघेल असा निचरा ठेवावा.

लागवडीची वेळ मृगाची. मेमध्ये खणून ठेवलेल्या जमिनीत पहिला पाऊस झाला की हरळीच्या काड्या तीन-चार बोटांच्या अंतराने टोचाव्यात; पाऊस नीट झाला तर गणपतीपर्यंत जमीन झाकते आणि गाद्यांचा खर्च वाचतो. आणि सोसायटीत राहत असाल तर त्याच्या आधी एक काम करा. येत्या बैठकीत लॉनच्या नळाला स्वतंत्र मीटर बसवायचा ठराव मांडा आणि दर महिन्याचा आकडा फलकावर लावा. लॉन ठेवायचं की काढायचं, हा वाद वर्षभराचे बारा आकडे हातात आल्यावर घाला.